पोरगं बदललंय असं वाटतंय? तरुण मुलांमधला मानसिक त्रास ओळखायचा क्रम

बहुतेक घरांत हे सगळं उलट्या क्रमाने होतं. मार्क कमी आले किंवा पोरगं तोडून बोललं की आधी मोबाईल काढून घेतात, मग लेक्चर, मग रडारड, मग कोणीतरी मोठं माणूस "या वयात होतंच असं" म्हणून विषय संपवतं, आणि चार-सहा महिन्यांनी एकदम रात्री धावपळ करत दवाखाना. मधल्या काळात बघण्यासारखं बरंच काही दिसत होतं, पण आपण चुकीची गोष्ट शोधत होतो. आपण उदास चेहरा शोधतो. तरुण मुलांमध्ये डिप्रेशन पुष्कळदा चिडचिड म्हणून दिसतं, भीती पोटदुखी म्हणून दिसते, आणि जे मूल घरात सगळ्यात शहाणं, काही त्रास न देणारं असतं त्याच्याकडे तर कोणी बघतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १० ते १९ वयातल्या साधारण सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. म्हणजे एका वर्गात चार-पाच तरी. त्यामुळे "आपल्या घरात असलं काही नसतं" हे वाक्य आधी बाजूला ठेवा.

एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. आपलं काम ओळखणं आहे, निदान करणं नाही. आजाराचं नाव डॉक्टर ठरवतील. आपण फक्त बदल वेळेत पकडायचा आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचा.

## आधी हे तपासा: आज थांबायची वेळ आहे का?

खालचं काहीही असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आत्ता सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा:

- मरायचं कसं, कधी हे मुलाने ठरवलंय असं बोलण्यातून, मेसेजमधून किंवा चिठ्ठीतून दिसतंय
- स्वतःला गंभीर इजा केलीये, किंवा गोळ्या वा विषारी काही घेतलंय. मूल "आता बरं वाटतंय" म्हणालं तरी न्यायचंच, काही औषधांचे परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो
- कोणीतरी हुकूम देतंय, मारून टाक म्हणतंय असे आवाज ऐकू येतायत
- कित्येक रात्री जवळपास झोप नाही आणि तरी प्रचंड एनर्जी, बोलणं थांबत नाही
- खाणंपिणं जवळजवळ बंद, चक्कर येऊन पडणं

अशा वेळी मुलाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, बाथरूमचं दारसुद्धा आतून बंद करू द्यायचं नाही. यातलं काही नसेल तर पुढे चला.

## १. तयारी: मुलाकडे जायच्या आधी स्वतःकडे

मुलाशी बोलायच्या आधी घरातल्या दोन मोठ्या माणसांनी बसून एवढं ठरवा की नोंद कोण ठेवणार आणि बोलणार कोण. दोघांनी एकदम बोलायचं नाही, मुलाला ते कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. ज्याचा आवाज लवकर चढतो त्याने बोलायचं काम घेऊ नये, मग ते बाबा असोत नाहीतर आई. कधीकधी आत्या, मामा, मोठी बहीण हा जास्त चांगला माणूस असतो, त्यात मानापमान आणू नका.

दुसरं, हे नातेवाईकांच्या ग्रुपवर जाता कामा नये. एकदा का मुलाला कळलं की आपल्याबद्दल फोनाफोनी चाललीये, की पुढचं दार बंदच होतं.

तिसरं, मोबाईल चोरून तपासायचा मोह. जीवाला धोका आहे असं ठोस काही दिसत असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसता संशय म्हणून डायरी उघडलीत तर मिळते ती माहिती थोडी आणि जातो तो विश्वास सगळा. शिवाय पुढच्या वेळी ते मूल जास्त चांगलं लपवायला शिकतं.

## २. आधी कसं होतं ते लिहून काढा

ही स्टेप जवळपास सगळे सोडतात आणि मग पुढे सगळंच अंदाजपंचे होतं. मूल गप्प आहे हे लक्षण आहे का? ते आधीपासून गप्प असेल तर नाही. घरभर बडबड करणारं मूल तीन आठवडे गप्प असेल तर हो. तुलना मुलाची त्याच्या स्वतःशीच करायची, भावाशी नाही, शेजारच्याशी नाही, आणि "आमच्या वेळी" शी तर अजिबात नाही.

सहा महिने ते वर्षभरापूर्वीचा काळ आठवा आणि पानभर लिहा. किती वाजता झोपायचं, काय आवडीने करायचं, कोणते दोन-तीन मित्र नेहमी असायचे, राग आला की काय करायचं, मार्क साधारण किती, अंघोळ-कपडे याबाबत कसं होतं. आठवत नसेल तर जुने फोटो बघा, शाळेतल्या एखाद्या टीचरला सहज विचारा. टीचरला विचारताना "काही प्रॉब्लेम आहे का हो" असं नका विचारू, त्यांचं उत्तर "नाही नाही, ठीक आहे" असंच येतं. त्यापेक्षा "मधल्या सुट्टीत तो कोणासोबत असतो?" असा प्रश्न विचारा. उत्तर "एकटाच असतो हल्ली" आलं की बरंच कळतं.

> चेक: पानावर "चांगला होता", "हुशार होती" असे शेरे आले असतील तर खोडा. दिसलेली गोष्ट लिहा.

## ३. दोन आठवडे नोंद ठेवा

दोन आठवडे का, तर डिप्रेशनच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या निकषांमध्ये लक्षणं निदान दोन आठवडे, बहुतेक दिवस असावी लागतात. एक वाईट दिवस, एक भांडण, एक ब्रेकअप याने कोणीही चार दिवस कोलमडतं. पण हा आकडा थांबायचा नियम म्हणून वापरू नका. त्रास उघड दिसत असेल, किंवा तुम्ही आठवून सांगू शकताय की हे दोन महिन्यांपासून चाललंय, तर नवीन नोंदीची वाट बघायची काहीच गरज नाही, सरळ पाचव्या टप्प्यावर जा.

नोंद कशी लिहायची ते बघा. "आज पण आळशीपणा केला" ही नोंद नाही, तो तुमचा राग आहे. "११ ला उठला, अंघोळ नाही, मित्राचा फोन दोनदा कट केला, क्लासला जायच्या वेळी पोट दुखतं म्हणाला" ही नोंद. दिवसाला तीन-चार ओळी पुरेत, फोनमध्ये लॉक लावून ठेवा.

आता बघायचं काय.

झोप. सगळ्यात आधी इथेच बदल दिसतो. वयात येताना मुलांचं शरीराचं घड्याळ तसंही पुढे सरकतं, त्यामुळे रात्री उशिरा झोप येणं आणि सकाळी लवकर उठता न येणं हे एकटं लक्षण धरू नका, आणि त्यांना ८ ते १० तास झोप लागतेच. लक्ष द्यायचं ते याकडे: बेडवर पडून तासन्‌तास जागं असणं, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत न झोपणं, किंवा बारा तास झोपूनही थकलेलं असणं.

शरीर. डोकं दुखणं, पोट दुखणं, मळमळ. इथे युक्ती एकच, दुखतं कधी ते लिहा. शाळेच्या सकाळी दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी नाही, तर भीतीचा संशय घ्या. आणि ते नाटक नसतं बरं का, पोट खरंच दुखत असतं. "नाटकं करू नकोस" म्हटलं की मूल दुखणं सांगायचं बंद करतं, दुखायचं बंद होत नाही.

आवड. माझ्या मते हे सगळ्यात भरवशाचं. अभ्यास सुटला तर शंभर कारणं असतात, पण ज्या गोष्टीसाठी मूल आधी जेवण सोडायचं ती गोष्ट सुटली, गिटार कोपऱ्यात पडली, ग्राऊंडवर जाणं बंद, आवडता गेमसुद्धा नको झाला, तर लाल पेनने लिहा.

माणसं. घरच्यांपासून लांब जाणं या वयात नॉर्मल आहे, मित्रांपासून लांब जाणं नाही. दरवाजा बंद करून मित्रांशी हसत बोलतंय तर सोडून द्या. दरवाजा बंद आणि आत शांतता, मित्रांचे फोन उचलत नाही, ग्रुप सोडला, तर नोंद करा.

राग. छोट्या गोष्टीवर फुटणं, वस्तू फेकणं, आणि नंतर स्वतःलाच अपराधी वाटणं. मुलग्यांच्या बाबतीत याला "उर्मट झालाय" म्हणून शिक्षा होते आणि खालचं दुखणं तसंच राहतं.

खाणं आणि शरीराबद्दल बोलणं. सोबत जेवायचं टाळणं, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाणं, दिवसातून कितीदा वजन करणं, सैल कपड्यांत शरीर लपवणं, मुलींची पाळी थांबणं. वजन नॉर्मल दिसतंय म्हणून हे बाद करू नका, खाण्याचे आजार सगळ्या वजनाच्या मुलामुलींना होतात.

अंगावरच्या खुणा. भर उकाड्यात पूर्ण बाह्या, मनगटावर कायम बँड, मांड्या-दंडावर ओरखडे, "मांजरीने ओरबाडलं" सारखी उत्तरं, खोलीत ब्लेड वा शार्पनरची पाती.

बाकी पैसे गायब होणं, डोळे लाल, वेगळे वास, एकदम नवीन मित्रांचा घोळका, गाडी बेफाम चालवणं, हेही लिहा. व्यसन आणि मानसिक त्रास पुष्कळदा एकत्र येतात, कुठलं आधी आलं हे घरी बसून ठरवायच्या फंदात पडू नका.

> सावध: नोंद ठेवताय हे मुलाच्या लक्षात आलं तर खोटं बोलू नका. "तुझी काळजी वाटतेय म्हणून मी लक्ष ठेवतेय" एवढं सरळ सांगा.

## ४. नोंदी वाचा: वयाचं आहे की त्रासाचं?

दोन आठवड्यांनी सगळं एकत्र वाचा आणि तीन प्रश्न विचारा. किती दिवस टिकलंय? किती ठिकाणी दिसतंय, म्हणजे फक्त घरी की शाळेत आणि मित्रांतही? आणि त्यामुळे रोजचं काय अडलंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मूड खराब असूनही मूल शाळेत जातंय, जेवतंय, मित्रांसोबत हसतंय तर थोडं थांबता येतं. दोन गोष्टी अडल्या असतील तर थांबू नका.

ढोबळ पॅटर्न सांगते, पण हे वाचून घरी निदान करायचं नाही, डॉक्टरला नेमकं काय सांगायचं ते कळावं म्हणून सांगतेय.

आवड जाणं, थकवा, झोप-भूक बिघडणं, "मी कुणाच्या कामाचा नाही" अशी भाषा, लक्ष न लागणं, हे डिप्रेशनकडे बोट दाखवतं. टाळाटाळ हा भीतीचा ठसा: वर्गात उत्तर द्यायचं टाळणं, लोकांत जायचं टाळणं, दहादा "सगळं ठीक होईल ना?" विचारणं. अचानक धडधड, श्वास कोंडणं, आता मरतोच असं वाटणं आणि ते काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरणं, हा पॅनिक अटॅक असू शकतो, पण पहिल्या वेळी हृदय वगैरे तपासून घ्यायचंच.

बाथरूममध्ये तासभर, हात धुवून धुवून कोरडे पडलेले, कुलूप पुन्हा पुन्हा बघणं, वही परत परत खोडून लिहिणं, हे ओसीडी (नको असलेले विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याचा आजार) असू शकतं आणि मुलं हे खूप लपवतात कारण त्यांना स्वतःलाच ते वेडेपणाचं वाटत असतं. अभ्यासात लक्ष नाही म्हणजे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अति चंचलपणाचा त्रास) असं आजकाल सर्रास बोललं जातं, पण त्याची लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. लहानपणी ठीक असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचं लक्ष एकदम उडालं असेल तर आधी झोप, डिप्रेशन, भीती, नशा हे बघायचं.

दोन पॅटर्नमध्ये अजिबात वेळ घालवायचा नाही. एक, संशय आणि तुटत जाणारं बोलणं: लोक माझ्याबद्दल बोलतायत, फोनमधून कोणी बघतंय, एकटंच बोलणं-हसणं, अंघोळ सुटणं. याला सायकोसिस म्हणतात, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं होणं. त्याची सुरुवात पुष्कळदा विशीच्या आसपास होते, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं पुढचं चांगलं. इथे बऱ्याच घरांत उपाय-तोडग्यांमध्ये महिने जातात. तुम्हाला श्रद्धेचं जे करायचं ते करा, पण डॉक्टरकडे जायला त्यासाठी उशीर करू नका. दुसरा, उलट्या दिशेचा: चार-पाच दिवस किंवा जास्त, झोप कमी तरी ताजंतवानं, मोठमोठे प्लॅन, उधळपट्टी, भरभर बोलणं. घरचे खूश होतात की "बघ, डिप्रेशनमधून बाहेर आला". नाही, हे लगेच दाखवायचं.

## ५. बोला, पण चौकशी नको

वेळ निवडा. मार्कशीट हातात असताना नाही, पाहुणे असताना नाही, रात्री बाराला नाही. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालण्यापेक्षा शेजारी-शेजारी असताना मुलं जास्त बोलतात, गाडीत, चालताना, भांडी आवरताना. तुमचा फोन बाजूला ठेवा, उलटा नाही, दुसऱ्या खोलीत.

सुरुवात दिसलेल्या गोष्टीने करा:

"गेले दोन-तीन आठवडे तू ग्राऊंडवर गेला नाहीस, रात्री पण जागा दिसतोस. मी रागावलेली नाहीये. मला कळून घ्यायचंय."

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड जातं. दहा-पंधरा सेकंद शांतता झाली की आपण ती सल्ल्याने भरतो आणि मूल परत शंखात जातं. "माहीत नाही" हे उत्तर आलं तरी ते खरं उत्तर असू शकतं, खूप मुलांना आत काय होतंय त्याला शब्दच सापडत नाहीत. तेव्हा सोपं करून विचारा: "दिवसातला सगळ्यात वाईट वेळ कोणता असतो?" किंवा "दहापैकी आज त्रास किती?"

ही वाक्यं तोंडातून निघाली की बोलणं संपलं समजा: "तुला काय कमी आहे?", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक राहतात", "लोक काय म्हणतील", "पॉझिटिव्ह विचार कर", "एवढ्याशा गोष्टीचं काय". शेवटचं तर सगळ्यात वाईट, कारण त्याला ती गोष्ट एवढीशी वाटत नसते म्हणूनच तर हे सगळं चाललंय.

छळ, ब्लॅकमेल, फोटो व्हायरल करायची धमकी, कोणी अंगाला हात लावणं, हे प्रश्न सुद्धा हळूच विचारा. "कोणी तुला त्रास देतंय का, शाळेत, ऑनलाईन, किंवा आपल्या घरातलं कोणी?" शेवटचे तीन शब्द गाळू नका.

"कुणाला सांगू नकोस" असं मूल म्हणालं तर आंधळेपणाने वचन देऊ नका. असं म्हणा: "तुझ्या जीवाला धोका असेल तर मला मदत घ्यावी लागेल, बाकी तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही." आणि मग ते पाळा.

> चेक: बोलणं संपल्यावर स्वतःला विचारा, जास्त वेळ कोण बोललं? तुम्ही असाल तर दोन दिवसांनी परत प्रयत्न करा. पहिल्याच वेळी सगळं बाहेर येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

हॉस्टेलला किंवा दुसऱ्या शहरात असलेल्या मुलांच्या बाबतीत फोनवर "जेवलास का, अभ्यास चाललाय का" याच्या पलीकडे जा. व्हिडिओ कॉल करा, खोली दिसते, चेहरा दिसतो. कॉल टाळणं वाढलं, परीक्षा दिलीच नाही असं उशिरा कळलं, रूममेट काळजीत आहे, तर फोनवर सोडवायला जाऊ नका, स्वतः जाऊन या.

## ६. तो एक प्रश्न सरळ विचारा

आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात विचार घालू असं जवळपास सगळ्यांना वाटतं. संशोधन याच्या विरुद्ध सांगतं, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. १५ ते २९ वयात जगभरात मृत्यूच्या पहिल्या काही कारणांमध्ये आत्महत्या आहे, त्यामुळे लाजून चालणार नाही.

आडवळणाने, "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असं विचारलं की उत्तर "नाही" हेच येणार, प्रश्नातच ते भरलेलं आहे. असं विचारा:

"कधी कधी इतका त्रास होतो की माणसाला जगू नये असं वाटतं. तुला असं वाटतं का? मरायचा, जीव द्यायचा विचार येतो का?"

उत्तर हो आलं तर ओरडू नका, रडून त्याच्यावर ओझं टाकू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा. मग पुढचं विचारा: कसं करायचं याचा विचार केलायस का, कधी करायचं ठरवलंयस का, त्यासाठी काही जमवलंयस का, याआधी कधी प्रयत्न केलायस का. यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर आजच इमर्जन्सी. फक्त विचार येतात, ठरवलेलं काही नाही, तरीही अपॉइंटमेंट या एक-दोन दिवसांतलीच हवी.

दोन्ही वेळी घर सुरक्षित करा. गोळ्यांचा सगळा साठा, कीटकनाशकं, ब्लेड, दोर, हत्यार असेल तर तेही, घराबाहेर काढा नाहीतर कुलपात ठेवा, आणि किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, त्या वेळात हाताशी साधन नसलं तर जीव वाचतो. आपल्या भागातली हेल्पलाईन आणि इमर्जन्सी नंबर मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

> सावध: खूप दिवस खचलेलं मूल अचानक शांत-आनंदी झालं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं, सगळ्यांची माफी मागायला लागलं, तर ती सुधारणा समजून निश्चिंत होऊ नका. त्याच संध्याकाळी वरचा प्रश्न परत विचारा.

## ७. प्रश्नावली: वापरा, पण निकाल समजू नका

नेटवर "तुम्हाला डिप्रेशन आहे का" टाईप क्विझ शेकड्याने आहेत, ते सोडा. डॉक्टर वापरतात त्या प्रश्नावल्या वेगळ्या. पीएचक्यू-९ ही डिप्रेशनसाठी, तिच्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, स्कोअर ० ते २७, आणि १० किंवा जास्त आला तर नीट तपासणी हवी असं धरतात. किशोरांसाठी तिचंच थोडं बदललेलं रूप आहे. जीएडी-७ भीती-काळजीसाठी, सात प्रश्न, ० ते २१, तिथेही साधारण १० ची रेघ. एसडीक्यू मुलाच्या भावना आणि वागण्याबद्दल, २५ वाक्यांची, ती पालक आणि शिक्षक भरतात, मोठी मुलं स्वतःही भरतात.

चुका कुठे होतात? पालक मुलाच्या वतीने पीएचक्यू भरतात, किंवा शेजारी उभं राहून भरायला लावतात. मुलाला एकट्याला भरू द्या. स्कोअर ६ आला म्हणून "बघ, काही नाही तुला" म्हणायचं नाही, मुलं लपवतातही. आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न, मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, त्यात शून्य सोडून काहीही आलं तर एकूण स्कोअर कितीही कमी असो, सहावा टप्पा परत करा.

## ८. आधी शरीर तपासून घ्या

हा टप्पा छोटा आहे पण सोडू नका. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, यातूनही थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं होतं. चालू औषधं सगळी सांगा, स्टेरॉइडसारख्या काही औषधांनी मूड बदलतो. फॅमिली डॉक्टरकडे मुलाला पाच-दहा मिनिटं एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. उलट बाजूची चूकही होते, रिपोर्ट नॉर्मल आले की "काही निघालं नाही" म्हणून फाईल बंद. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे पुढचा टप्पा सुरू झाला.

## ९. कोणाकडे जायचं

सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, निदान करतात आणि औषध लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट आणि थेरपी करतात, औषध देत नाहीत. काउन्सेलर बोलण्यातून मदत करतात, पण इथे शिक्षणात प्रचंड फरक असतो, म्हणून डिग्री आणि रजिस्ट्रेशन बिनधास्त विचारा. जीव द्यायचे विचार, सायकोसिस, झोपेविना एनर्जी, वजन झपाट्याने उतरणं असेल तर पहिल्यांदा सायकियाट्रिस्टच. बाकी ठिकाणी सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात केली तरी चालते, लहान मुलं-किशोरांसोबत काम करणारे मिळाले तर उत्तम.

मुलाला फसवून, "चेकअपला जाऊ" म्हणून नेऊ नका. "झोप आणि हा त्रास यासाठी एका डॉक्टरांना भेटू, पटलं नाही तर दुसरे बघू" असं सांगा. जायला तयार नसेल तर तुम्ही एकटे आधी भेटून सल्ला घ्या, पुष्कळ डॉक्टर यासाठी वेळ देतात. सोबत न्यायचं: दोन आठवड्यांची नोंद, आधी कसं होतं ते पान, औषधांची यादी, जुने रिपोर्ट, आणि घराण्यात कोणाला मानसिक आजार, व्यसन, आत्महत्या होती का ते. हे शेवटचं लोक लपवतात, डॉक्टरला त्याची खरी गरज असते.

मुलाने आत काय सांगितलं ते बाहेर आल्यावर खोदून विचारू नका. जीवाला धोका असेल तर डॉक्टर स्वतः सांगतात.

## १०. पहिल्या भेटीनंतर

इथे सगळ्यात जास्त गाड्या रुळावरून घसरतात. डिप्रेशनच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. आणि महिना-दीड महिन्याने बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने तर अजिबात बंद करू नका, हळूहळू कमी करायचं ते डॉक्टरच ठरवतील. २५ वर्षांखालच्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना अस्वस्थता किंवा जीव द्यायचे विचार वाढू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये मुलांसाठी हा इशारा औषधांवर छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. याचा अर्थ औषध वाईट असा नाही, याचा अर्थ त्या आठवड्यांत रोज विचारपूस करायची, अपॉइंटमेंट चुकवायची नाही आणि बदल दिसला की त्याच दिवशी फोन करायचा. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, रोजच्या रोज द्या.

थेरपीतही पहिल्या एक-दोन सेशनमध्ये जादू होत नाही. तीन-चार भेटींनंतरही मुलाला त्या माणसाशी जमतच नसेल तर थेरपिस्ट बदला, थेरपी सोडू नका.

शाळा सुटली असेल तर टीचरशी बोलून थोड्या तासांपासून सुरू करा. घरात झोपायची वेळ ठरवा, फोन रात्री खोलीबाहेर ठेवायचा तर सगळ्यांचे ठेवा, तुमचाही. भावंडांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा, नाहीतर ती स्वतःच काहीतरी भयंकर कल्पना करून घेतात.

आणि मूल सावरलं की त्याच्यासोबत बसून एक यादी करा: मला त्रास सुरू होताना सगळ्यात आधी काय बदलतं, तेव्हा मला कोणी काय केलेलं चालतं, काय केलेलं चालत नाही, मी कोणाला फोन करणार. शब्द त्याचेच असू द्या, तुम्ही फक्त लिहा. एक कॉपी त्याच्या फोनमध्ये, एक तुमच्याकडे. पुढच्या वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याचं अर्धं काम या यादीनेच होतं.